पडद्यावरचे आईबाप, खुर्चीतली मुले

चित्रपट गांभीर्याने पाहणाऱ्यांची पुण्यात कधीच वानवा नव्हती. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, आणि या दोहोंच्या सावलीत वाढलेली लहानमोठी मंडळे एरंडवणे, डेक्कन, कोथरूड या भागांत आजही वर्गणी गोळा करून चित्रपट दाखवत असतात. अशाच एका मंडळाने सरत्या वर्षात आईबाप आणि मुले या एकाच विषयावरील चित्रपटांची मालिका केली. महिन्यातील एका शनिवारी संध्याकाळी एक चित्रपट दाखवायचा आणि त्यानंतर तासभर चर्चा करायची, असे तिचे स्वरूप होते. मंडळ स्वयंसेवकांच्या जिवावर चालते आणि पुढे काही तक्रारीही करायच्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही.

व्यवस्थेबद्दलचे आधी सांगून टाकते. वर्षाची वर्गणी एखाद्या चांगल्या नाटकाच्या दोन तिकिटांहून कमी आहे. कार्यक्रम वेळेवर सुरू होतो, इतका वेळेवर की कर्वे रस्त्यावरच्या वाहतुकीचे कारण सांगणाऱ्यांना पहिली पाच मिनिटे दाराबाहेर उभे राहावे लागते, आणि ते योग्यच आहे. दुचाकी लावायला जागा मिळते. चारचाकी आणण्याचा विचारही करू नये. खुर्च्या साध्या आहेत, मागच्या रांगांतून सबटायटलची खालची ओळ पुढच्यांच्या डोक्यांमागे जाते, आणि प्रोजेक्टर उत्तम असला तरी आवाज अकारण मोठा ठेवतात. परदेशी चित्रपट असेल तेव्हा दारातच अर्ध्या पानाचे मराठी टिपण हातात देतात. त्यात कथेचा शेवट सांगितलेला नसतो, याबद्दल लिहिणाऱ्याचे कौतुक केले पाहिजे.

मात्र ही मालिका मला महत्त्वाची वाटली ती एका छोट्याशा प्रथेमुळे. चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावत नाहीत. श्रेयनामावली शेवटपर्यंत जाऊ देतात आणि त्यानंतरही चार-पाच मिनिटे सभागृह मंद उजेडात ठेवतात. या वेळात कोणी बोलत नाही, मोबाइलही फारसे बाहेर निघत नाहीत. आईबापांवरचा चित्रपट पाहताना प्रेक्षक एकाच वेळी दोन चित्रपट पाहत असतो, एक समोरचा आणि दुसरा स्वतःच्या घरचा. त्यातला दुसरा बहुधा पहिला संपल्यावरच नीट दिसू लागतो. दिवे भसकन लागले, मागच्या रांगेने उठून पिशव्या आवरायला घेतल्या, की तो तिथेच तुटतो. मल्टिप्लेक्समध्ये हे दर खेळाला घडते आणि त्याचा दोष कोणाला देता येत नाही, कारण पुढच्या खेळाआधी झाडून घ्यायचे असते. मंडळाला ती घाई नाही आणि या मोकळिकीचा त्याने फार चांगला उपयोग केला आहे.

सर्वांत भरलेली संध्याकाळ होती ‘बायसिकल थीव्हज’ची. व्हित्तोरिओ डी सिका यांचा १९४८ सालचा हा इटालियन चित्रपट अनेकांनी आधी पाहिलेला होता. युद्धानंतरच्या रोममध्ये भिंतींवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळालेल्या बापाची सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि लहानग्या ब्रुनोला बरोबर घेऊन तो ती शहरभर शोधत फिरतो, एवढीच कथा. पण ज्या शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्या शहरातील साठी-सत्तरीचा प्रेक्षक हा चित्रपट रोममध्ये पाहतच नाही. चर्चा सुरू झाली तेव्हा पहिला विषय निघाला तो नळीवर बसवलेल्या छोट्या सीटचा. मग डायनामोचा दिवा, चढावर उतरून सायकल हातात धरून चालणारे वडील, डबलसीट पकडणारा पोलीस चौकात दिसला की मुलाने आधीच उडी मारून पायी चौक ओलांडण्याची रीत, आणि खडकीच्या कारखान्यातून पाळी सुटल्यावर रस्ता भरून येणारे सायकलस्वार. एका बाईंनी सांगितले की वडिलांच्या शर्टाला पाठीमागून येणारा घामाचा आणि तेलाचा वास त्यांना वडिलांच्या चेहऱ्यापेक्षा अधिक स्पष्ट आठवतो, कारण कॅरियरवर बसणाऱ्या मुलीला चेहरा दिसतच नसे.

याच संध्याकाळी एक गोष्ट घडली, जिच्यामुळे या मालिकेची वर्गणी मला वसूल झाल्यासारखी वाटली. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की त्यांना सर्वांत भिडला तो पावसातला प्रसंग, ज्यात ब्रुनो घसरून पडतो आणि बाप धावत येऊन त्याला उचलतो. सूत्रसंचालन करणारा तरुण थोडा अडखळला आणि म्हणाला, “काका, तसं नाहीये ते.” सभागृहात दोन तट पडले, तेव्हा त्याने तो प्रसंग पुन्हा लावला. पावसात आडोसा शोधण्याच्या गडबडीत ब्रुनो आडवा होतो, बापाचे लक्षही नसते. मुलगा स्वतःच उठून कपडे झटकू लागतो, बाप काय झाले म्हणून विचारतो आणि पोरगा चिडून सांगतो की पडलो. गृहस्थांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “मग आमच्या अण्णांनीच उचललं असणार.” कोणी हसले नाही.

आठवण ही कपाटातून काढलेल्या वस्तूसारखी जशीच्या तशी हाती येत नाही, ती दर वेळी नव्याने रचली जाते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. रचनेसाठी मन जवळचे जे सामान सापडेल ते वापरते, आणि पडद्यावरचा बाप हे चांगले सामान असते. उतारवयातील माणसांना आयुष्याबद्दल विचारले तर साधारण १० ते ३० या वयातील आठवणी इतर वर्षांच्या मानाने पुष्कळ अधिक येतात, हेही अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. आईबापांशी असलेले नाते याच काळात सर्वाधिक ताणले जाते. त्यामुळे या विषयावरील चित्रपटाला मुद्दाम रडवण्याची गरजच पडू नये. या मालिकेतील ज्या एक-दोन चित्रपटांत पार्श्वसंगीताने प्रेक्षकांच्या वतीने आधीच रडून घेतले होते, त्यांच्यानंतरच्या चर्चेत लोक फक्त अभिनयाबद्दल बोलले. घरचे कोणी काही काढले नाही. जिथे चित्रपटाने एखादी वस्तू, एखादी सवय नुसती दाखवून सोडून दिली, तिथे मात्र लोकांची तोंडे आपोआप उघडली.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’च्या वेळी असेच झाले. वडील गेल्यानंतर आईची बदली झाल्यामुळे पुण्याहून कोकणात आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची ही गोष्ट आहे. मला वाटले होते की बोलणे वडिलांच्या मृत्यूकडे जाईल, पण ते गेले बदलीकडे. सरकारी नोकरांची मुले सभागृहात इतकी असतील याची मला कल्पना नव्हती. वर्षाच्या मध्यातच शाळा सोडल्याचा दाखला, नव्या वर्गात उभे राहून सांगायचे नाव, आणि जुन्या गावातल्या मित्राला लिहिलेली, मग हळूहळू बंद पडलेली पत्रे. माझ्या वडिलांची नोकरीही फिरतीची होती. ट्रकमध्ये सामान चढवताना माझी आई रॉकेलचा स्टोव्ह सर्वांत शेवटी ठेवत असे, कारण नव्या घरी तो सर्वांत आधी लागायचा. हे मला त्या चार-पाच मिनिटांच्या मंद उजेडात आठवले, आणि चित्रपटात स्टोव्हचा काही संबंध नव्हता. आई त्या काळात माझ्याहून कितीतरी लहान होती, हा हिशेबही मी त्याआधी कधी मांडला नव्हता.

याच चित्रपटावरून माझी पहिली मोठी तक्रार आहे. मंडळाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील मुलांना आत प्रवेश नाही. प्रौढांसाठीच्या परदेशी चित्रपटांच्या बाबतीत हा नियम समजण्यासारखा आहे. पण ‘किल्ला’ला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात ‘क्रिस्टल बेअर’ मिळाला, आणि तो देणारे परीक्षक मंडळ मुलांचेच होते. मुलांनी निवडलेला चित्रपट मुलांना बाहेर ठेवून पाहायचा आणि वर मालिकेला आईबाप आणि मुले असे म्हणायचे, हे विसंगत आहे. आमच्यासारख्या पन्नाशीच्या मुलांनीच बोलत राहायचे, तर निम्मी बाजू नेहमीच गैरहजर राहणार. आपल्याबद्दल काय साठवले जात आहे, हे आजच्या आईबापांना निदान एका संध्याकाळी तरी ऐकायला मिळाले असते.

दुसरी तक्रार ‘श्यामची आई’च्या कार्यक्रमाची. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट म्हणून हा चित्रपट मालिकेत असणारच होता, आणि त्याची प्रतही चांगली मिळवली होती. त्या दिवशी मात्र एका पाहुण्या वक्त्याला बोलावले होते. त्यांनी मंद उजेडाची प्रथा मोडून दिवे लावायला सांगितले आणि माइक पहिल्या रांगेपासून फिरवून प्रत्येकाने आपल्या आईची एक आठवण सांगावी, असा आग्रह धरला. परिणाम व्हायचा तोच झाला. त्याग, कष्ट, संस्कार, स्वतः उपाशी राहून मुलांना जेवू घालणे. एकामागून एक सगळ्यांच्या आया एकसारख्या होत गेल्या. कोणी खोटे बोलत होते असे नाही. पण भरल्या सभागृहात, हातात माइक आणि पडद्यावर श्यामची आई नुकतीच येऊन गेलेली असताना, स्वतःच्या आईबद्दल याहून वेगळे बोलण्याची कोणाची प्राज्ञा आहे? आम्हा मराठी माणसांचे या पुस्तकाशी असलेले नाते इतके जुने आणि भक्तीचे आहे की त्याच्या समोर आपली खरी आई बारीकसारीक दोषांसकट उभी करायला लाज वाटते.

खरे बोलणे नंतर बाहेर व्हरांड्यात, चहाच्या टेबलापाशी झाले. आत माइकवर दोन ठरीव वाक्ये बोललेल्या एक बाई कपात बिस्कीट बुडवता बुडवता सहज म्हणाल्या की त्यांच्या आईने धाकट्या भावासमोर त्यांना एकदा मारले होते, चूक भावाची होती, आणि त्या रागाची धार आई जाऊन इतकी वर्षे झाली तरी बोथट झालेली नाही. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, “अहो, माझाही एक हिशेब राहिलाय तसाच.” मग त्या दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. मंडळाने पाहुणे बोलवावेत, मानधनही द्यावे, पण माइक फिरवू देऊ नये.

मालिकेचा शेवट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने झाला. पुण्यात राहून काम केलेल्या या दिग्दर्शकद्वयाचा चित्रपट पुण्यातच, अशा लहान सभागृहात पाहण्याला वेगळा अर्थ आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित स्मृतिभ्रंशाच्या आजारात मुलीच्या गाडीतून उतरून एका हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लहान मुलासारखे सांभाळते. ‘किल्ला’तील आई आणि ही चन्नम्मा, दोन्ही भूमिका अमृता सुभाष यांच्याच आहेत; एकाच मालिकेत दोन्ही पाहिल्यामुळे एकीचा ताण आणि दुसरीची सहजता शेजारी शेजारी ठेवता आली, ही निवड करणाऱ्याला दाद द्यावी लागेल. आठवणी जागवणाऱ्या मालिकेच्या अखेरीस आठवणी गमावलेल्या बापाचा चित्रपट ठेवणे हेही विचारपूर्वक केलेले असणार, कारण त्या संध्याकाळी बोलणे प्रथमच उलटे झाले. आईवडील कसे होते याऐवजी त्यांच्या डोक्यात आता आपण किती उरलो आहोत, याबद्दल लोक बोलले. एका गृहस्थांची आई त्यांना मोठ्या भावाच्या नावाने हाक मारते आणि ते आता ओ देतात, असे त्यांनी सांगितले.

ज्यांच्या घरात सध्या असा रुग्ण आहे, त्यांनी मात्र हा चित्रपट सभागृहात पाहण्याआधी विचार करावा. दोन जण मध्येच उठून गेले आणि त्यांच्यामागे जाऊन विचारपूस करण्याचे भान एका स्वयंसेविकेने दाखवले; तरीही दारातल्या टिपणात विषयाची दोन ओळींत पूर्वकल्पना द्यायला हवी होती. परदेशी चित्रपटांसाठी इतके नेमके टिपण लिहिणाऱ्या मंडळाने मराठी चित्रपटांच्या वेळी टिपणच दिले नाही, जणू भाषा आपली असली की तयारीची गरज नसते.

नव्याने जाणाऱ्यांनी मधल्या रांगांत कडेची खुर्ची धरावी. सबटायटल पूर्ण दिसते आणि चहाला लवकर पोहोचता येते. सभासदत्व वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावे लागते, एकेका कार्यक्रमाचे तिकीट मिळत नाही. मी पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे. अर्जाच्या तळाशी सूचनांसाठी दोन ओळी सोडलेल्या असतात; पहिल्या ओळीत मुलांना आत घ्या असे लिहिले, दुसऱ्या ओळीत आवाज कमी ठेवा असे लिहिले, आणि माइकचे समासात लिहावे लागले.