चामडं की नायलॉन? आम्ही दोन्हीत बुडालो

एटीएममध्ये रोकड पोचवणाऱ्या कॅशव्हॅनवर गनमॅन म्हणून मला आठ वर्षं झाली. त्याआधी फौज. म्हणजे कमरेच्या पट्ट्याशी माझी ओळख पंचवीसेक वर्षांची, आणि तरीही मी धरून चौदा जणांचे पैसे एका पट्टे विकणाऱ्याच्या घशात गेले ते माझ्याच शब्दावर. लाज बाजूला ठेवून लिहितोय, कारण पावसाळ्याच्या तोंडावर तो किंवा त्याचा कुणी भाऊबंद दुसऱ्या एखाद्या एजन्सीच्या गेटवर पिशवी घेऊन उभा असणारच.

आमच्याकडे भरती होताना कंपनी एक पट्टा देते. तो फाटला की पुढचा आपल्या खिशातून. बारा बोअरची बंदूक बाळगणाऱ्याला साधा पट्टा चालत नाही. काडतुसांची घरं लागतात, बॅटरीचं पाऊच लागतं, मोबाईलचं लागतं. गेल्या वर्षी मे महिन्यात सगळ्यांचेच पट्टे एकदम म्हातारे झाले आणि गाडी सुटण्याआधीच्या चहाला रोज एकच वाद: चामडं घ्यायचं की नायलॉन?

मी चामड्याच्या बाजूचा. चामडी पट्टा पहिले पंधरा दिवस टोचतो, पण मग तुमच्या कमरेचा होतो. भार लटकवला तरी लोंबत नाही. नायलॉनच्या आत कडक पट्टी नसेल तर पाऊचच्या वजनाने तो पुढे झुकतो आणि माणूस दिवसभर पँट वर ओढत बसतो. वेल्क्रो असेल तर त्यात सहा महिन्यांत इतका कचरा भरतो की ते चिकटायचंच विसरतं. समोर आमचा परभणीचा पोरगा, नायलॉनवाला. तो म्हणायचा, "मामा, पावसात तुमच्या पट्ट्याला बुरशी येते, वास मारतो, आणि चामड्याच्या घरात महिनाभर काडतूस राहिलं की पितळेच्या बुडाला हिरवं चढतं." तेही खरंच होतं. नायलॉन धुता येतं, रात्री दोरीवर टाकलं की सकाळी कोरडं, आणि दहा तास व्हॅनमध्ये बसून राहणाऱ्याला त्याची कड पोटात रुतत नाही.

या वादात आम्ही महिना घालवला. चामडं खरोखर चामडं आहे का आणि नायलॉन खरोखर नायलॉन आहे का, हे मात्र चौदा जणांपैकी एकानेही विचारलं नाही. विकणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

तो आला तो थेट मलाच गाठत. "फौजी साहेब, तुम्हाला काय शिकवायचं चामड्यातलं." एवढ्या एका वाक्यावर मी अर्धा विरघळलो. कानपूरचा माल, पोलिसांना जातो तोच, असं म्हणत त्याने चार बोटं लांबीचा एक तुकडा हातात ठेवला. मी वास घेतला, दुमडून पाहिला, नखाने ओरखडलं, पाण्याचा थेंब टाकला. थेंब हळूहळू आत मुरला. तुकडा अस्सल होता. पट्टा, दहा काडतुसांची घरं आणि दोन पाऊच मिळून १,४५० रुपये. चौदा जणांचे २०,३०० झाले. निम्मे आधी, निम्मे माल आल्यावर. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलंत तर जीएसटी वर लागेल, तुमचंच नुकसान." पैसे यूपीआयने पाठवले तेव्हा स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणातरी बाईचं आलं. मी ते पाहिलं. पाहूनही बटण दाबलं.

माल आठ दिवसांत आला. काळा, चकचकीत, कडांना जाड रंग फासलेला. आतल्या बाजूला मखमलीसारखं काहीतरी चिकटवलेलं. बकलावर पोलिसांसारखं चिन्ह, ही आणखी एक भानगड. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात सेना किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश खासगी गार्डने घालणं गुन्हा आहे. सुपरवायझरने पहिल्याच दिवशी चौदाही बकलं कानशीने घासून घ्यायला लावली. घासल्यावर वरची पिवळी झळाळी गेली आणि खालून पांढरट लोखंड दिसलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण उरलेले निम्मे पैसे देऊन झाले होते, आणि आपली चूक इतक्या लवकर कोण कबूल करतो?

जूनचा दुसरा आठवडा. दोन एटीएम भरून तिसऱ्यावर उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता. व्हॅनमध्ये परत बसताना सवयीने कमरेवरून हात फिरवला. दहाऐवजी आठ. दोन घरं टाक्यांपाशीच ओल्या पुठ्ठ्यासारखी फाटून लोंबत होती.

ज्याने बंदूक बाळगली नाही त्याला या क्षणाचा अर्थ कळायचा नाही. परवाना माझ्या नावावर आहे, काडतुसांचा हिशेब माझ्या नावावर आहे. रस्त्यात पडलेलं काडतूस एखाद्या पोराच्या हाती लागलं तर पुढे काय काय होईल ते सगळं त्या दोन मिनिटांत डोळ्यांसमोरून गेलं. एक सीटखाली सापडलं. दुसरं एटीएमच्या पायरीजवळ पाण्यात. आम्ही दोघं गनमॅन, एक जण गाडीला पाठ लावून पहाऱ्यावर, आणि दुसरा म्हणजे मी, गुडघ्यावर बसून गटाराच्या कडेला चाचपडतोय. कस्टोडियन, म्हणजे रोकड सांभाळणारा, घड्याळ बघतोय. पाचेक मिनिटं लागली असतील. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी रापीने कड तिरपी कापली आणि माझ्यापुढे धरली. आत तंतू नव्हतेच. करडा, एकसारखा, भुसा दाबून केलेल्या फळीसारखा थर. "हा चुरा आहे. कारखान्यात कातरण उरतं ते दळायचं, डिंकात मळायचं, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा. याला लेदर म्हणतात ते हसायला." खऱ्या चामड्याच्या कापलेल्या कडेत गुंतलेले धागे दिसतात आणि मागची बाजू केसाळ असते. म्हणूनच त्या गड्याने कड रंगवली होती आणि मागे मखमल चिकटवली होती. नमुना एका जनावराचा, माल भलताच.

इथे थांबलो असतो तरी बरं. पण परभणीचा पोरगा विजयी मुद्रेने म्हणाला, "मी सांगत होतो, नायलॉन घ्या." ऑनलाइन ६५० रुपयांचा 'मिलिटरी नायलॉन' पट्टा दिसला, पाच जणांनी मागवला. ऑगस्टमध्ये थोडी उघडीप मिळाली तर व्हॅनच्या खिडकीशी ठेवलेल्या एकाची पट्टी पांढुरकी पडून धागे सुटायला लागले. ते पॉलिप्रॉपिलीन होतं. खाटेच्या प्लॅस्टिक नवारीची जात. उन्हाने ते लवकर खचतं.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पट्टीचा बोटभर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवा आणि चोळून आतली हवा नीट काढा, नाहीतर कुठलीही पट्टी तरंगेल. मग सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असतं, ते वर येतं. नायलॉन तळाला जातं. पॉलिस्टरही बुडतं, पण ते निदान टिकतं तरी. एखादा धागा पेटत्या काडीवर धरलात आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला तर तेही पॉलिप्रॉपिलीनच. बकलासाठी खिशात लोहचुंबक ठेवा, पितळेला ते चिकटत नाही. मी जुन्या स्पीकरमधलं काढून ठेवलंय. चामड्याला मात्र कड कापून बघण्याशिवाय इलाज नाही, आणि ती नमुन्याची नव्हे, आलेल्या मालातल्या एका पट्ट्याची. विकणारा कापू देत नसेल तर तिथून उठा.

पैसे? पोलीस चौकीत सांगितलं, माल मिळालाय ना, मग ग्राहक म्हणून तक्रार करा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. आपण स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी कारणासाठी' म्हणून बाद होत नाही हेही कळलं. पण नोटीस पाठवायची कुणाला? त्याचा नंबर जुलैपासून बंद. ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले तिने फोन उचलला, "रॉंग नंबर" म्हणाली आणि ठेवला. बिलावरचा कर वाचवला तो असा.

कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण चहाच्या वेळी माझ्याकडे बघून गप्प होणं मला कळत होतं. मग ठरवलं, तेरा जणांचे पैसे मी फेडायचे. दर पगाराला दोघांचे. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

आता काकांकडून एकेक पट्टा करून घेतो. ते चामडं आधी माझ्यासमोर कापतात, मग शिवतात. काडतुसांची घरं कॅनव्हासची, हा तोडगा त्यांचाच, म्हणजे पितळेला हिरवं चढायचा प्रश्न नाही. परभणीच्या पोराचा नंबर दिवाळीनंतर येईल. तोवर त्याला माझा जुना चामडी पट्टा दिलाय. त्याच्या कमरेला मोठा होतो, म्हणून तीन भोकं जास्तीची पाडून घेतली आहेत.