मिरजेतलं तंबोरा दुरुस्तीचं दुकान: काम एक नंबर, तारखेवर विश्वास ठेवू नका

आधीच सांगते, मी गाणंबिणं शिकलेली नाही. ऐकायचा नाद मात्र लय आहे. रात्री झोपायच्या आधी फोनवर कायतरी नवीन शोधत बसते, मराठी रॅप, कव्वाली, मेटल, कुठल्यातरी देशातलं असलं कायतरी ज्याची भाषा पण कळत नाही, वीस सेकंदात पकडलं नाही की पुढचं. दुसरा नाद क्रिकेट. आमच्या सांगलीत दोनच विषयांवर कुणीही कुणालाही रस्त्यात थांबवून बोलतं, पावसाळ्यात आयर्विन पुलाला पाणी किती फुटावर गेलं आणि बाकीचं वर्षभर आमच्या स्मृती मंधानानं किती मारले. तर असल्या पोरीनं तंबोऱ्याच्या दुकानाचा रिव्ह्यू कशाला लिहावा, तर आज्जीमुळं.

आमचं घर गावभागात. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, फ्रिज, कपाटं, बाबांच्या कॅसेटी, आज्जीचा तंबोरा तेवढा माळ्यावर होता म्हणून वाचला. वाचला म्हणजे बुडला नाही इतकंच. त्यानंतर तिथंच गवसणीत, म्हणजे त्याच्या कापडी खोळीत, पडून ओल खात होता. आज्जी लग्नाआधी चार वर्षं गाणं शिकलेली, मग संसार, मग भजनी मंडळ, मग गुडघे. आम्ही कुणी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी काढा म्हणून सांगितलं नाही.

मग मला मैत्रिणीनं मिरजेच्या उरुसाला ओढून नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा असते, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीत. खाँसाहेब १९३७ ला वारले, त्यांची कबर पण दर्ग्यातच आहे. तिकीटबिकीट काही नाही, खाली बसायचं आणि ऐकायचं. मी गेले खरी पण अर्धा तास झाला तरी गाणाऱ्या बाई आपल्या त्याच दोन-तीन सुरांत फिरतायत, माझा अंगठा आपोआप खिशातल्या फोनकडं चाललेला, पुढचं गाणं लावायला. आणि तेवढ्यात लक्ष गेलं मागच्या दोन तंबोऱ्यांकडं. एक पोरगा वाजवत होता, जांभया देत होता, पण बोटं काय थांबत नव्हती, आणि तो जो आवाज येत होता तो एका तारेचा वाटतच नव्हता, सगळं अंगण भरल्यासारखं. पुढचे दोन तास मी गाणं कमी आणि तेच जास्त ऐकलं. घरी येऊन आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "आपलाही आहे की गं माळ्यावर."

तर दुकान. सतारमेकर गल्लीत आहे, नाव टाकत नाही कारण दुकानाचे मालक, आम्ही चाचा म्हणतो, त्यांनीच सांगितलं, "फोन लई येतील, उचलणार कोण?" (ते आत्ता पण उचलत नाहीत, त्यावर पुढं येतेच.) बोर्ड जवळजवळ वाचता येत नाही. दारातनं आत बघितलं की छताला भोपळे टांगलेले दिसतात, एवढाले, रंग न दिलेले, धूळ बसलेले. हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडनं येतात. भिंतीवर पेपरचं कात्रण चिकटवलंय, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं. मी विचारलं, चाचा, फायदा झाला का काही? म्हणाले, "कात्रण चांगलं दिसतंय की भिंतीला."

गल्लीतले हे सगळे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे, धार लावणारे. तलवारींचं काम संपत गेलं आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासनं मिरजेत सतारी-तंबोरे सुरू झाले, हे तुम्हाला गल्लीतला कुणीही सांगेल, न विचारता सांगेल.

चाचांनी गवसणी काढली, दोनदा शिंकले, आणि पहिलं काम म्हणजे भोपळा बोटानं टोकून बघितला. आम्ही बॅट घेताना टोकून बघतो ना, कान लावून, अगदी तसं. चार ठिकाणी टोकला. म्हणाले भोपळा झकास आहे, असला जाड आता मिळत नाही. तबलीला (भोपळ्यावरची लाकडी फळी) एका बाजूला भेग, एक खुंटी ढिली, तारा गंजलेल्या, आणि घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीत, तारांनी चर पाडलेले. मी म्हणलं, तीस वर्षं वाजलाच नाही हो. तर म्हणाले, "चर त्याच्या आधीचे आहेत. म्हणजे तुझी आज्जी चांगलंच वाजवायची." हे मी घरी सांगितल्यावर आज्जी काहीच बोलली नाही, पण रात्री जेवताना दोन वेळा विचारलं, अजून काय म्हणाले ते.

भेग, खुंटी, तारा, जवारी (ती काय ते पुढं सांगते), पॉलिश असं सगळं मिळून साडेचार हजार सांगितले. मला जास्त वाटले म्हणून शेजारी पण विचारून आले, तिथं पण तोच आकडा. नवा घेतला असता तर सहा-सातपट गेले असते, त्यामुळं गप बसले.

आता तक्रार. तंबोरा मी दसरा झाल्यावर टाकला. "दिवाळीच्या आधी नक्की." दिवाळी झाली. फोन उचलत नाहीत. सांगलीतनं वडापनं दोन हेलपाटे मारले, एकदा कुलूप, एकदा तंबोरा कोपऱ्यात दोरीनं आवळून ठेवलेला, "सुकतंय, हात लावू नको." ओलीचं लाकूड आहे, घाई केली तर परत फाटतं, हे मला पटतं ओ, पण मग दिवाळी कशाला सांगायची? सरळ सांगा महिना लागेल म्हणून. गिऱ्हाईक मरत नाही.

आणि मग २ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी चाचांचा स्वतःहून फोन, आज ये, देतो. मी म्हणलं चाचा आज बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल आहे! "मला काय सांगतीस, तीनला मॅच, तू एकला ये, दोनला मोकळी." मी स्मृतीची १८ नंबरची जर्सी घालूनच गेले, म्हणलं येऊन थेट टीव्हीसमोर बसायचं. पावणेतीन झाले तरी तंबोऱ्याला तारा पण चढलेल्या नाहीत. माझं डोकं फिरलेलं. दुकानात चाचा, त्यांचा मुलगा, चहावाला, शेजारच्या दुकानातले दोघं, आणि फोन एका कच्च्या भोपळ्याला टेकवून ठेवलेला. त्यात नवी मुंबईचं मैदान, वर कव्हर्स, आणि पाऊस.

पाऊस म्हणल्यावर गप्पा. चाचांनी विजय हजारे काढले. हजारे पण सांगलीचेच, १९१५ चा जन्म. १९४८ ला ॲडलेडला दोन्ही डावांत शतक, समोर ब्रॅडमनची टीम, आणि १९५२ ला मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कॅप्टन. चाचांनी हे त्यांच्या वडलांकडनं ऐकलेलं पण सांगताना असं सांगतात की स्वतः स्लिपमध्ये उभे होते. शेजारचे म्हणाले जुनं जाऊ दे, स्मृती मोठी का हजारे? चहावाला म्हणाला हजाऱ्यांना बघितलंय कुणी, स्मृतीला मी माधवनगरला स्कूटरवरनं जाताना बघितलंय. विषय संपला.

तीन वाजून गेले, पाऊस काय थांबेना. मग चाचांनी फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "कव्हर निघेपर्यंत तुझी जवारी बघतो. आवाज बंद करा रे."

जवारी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, त्याला डोळ्याला दिसणार नाही एवढा उतार असतो आणि तार त्याला पुढंपर्यंत चाटत जाते. तिथं कानशीचे दोन हात, तार चढव, छेड, ऐक, तार उतरव, परत एक हात. दोन नाही, एकच. बोलणं नाही. समोर फोनवर मुकी कव्हर्स. असं प्रत्येक तारेला. मग शिवणाच्या दोऱ्याचा एक धागा उसवून घेतला आणि तारेखाली, घोडीवर सरकवला. तोवर तार नुसती टण टण करत होती, डब्याला बांधल्यासारखी. धागा तांदळाच्या दाण्याएवढा पुढं सरकला आणि ती उघडली. मला दुसरा शब्द सुचत नाही. तोच हात, तीच तार, आणि आवाज एकदम लांबपर्यंत जायला लागला.

मग चार तारा लावल्या. पहिली पंचमाची (प), मधली जोडी षड्जाची (सा), शेवटची पितळी खर्जाची (खालचा सा). खुंटीला खडू चोळला, खालचे मणी इकडंतिकडं सरकवले. आणि म्हणाले, "आता गंधार ऐक." गंधार म्हणजे ग. मी विचारलं कुठल्या तारेवर? "कुठल्याच नाही." मला वाटलं चेष्टा करतायत. तर गंमत अशी की खर्जाची तार नीट लागली, जवारी नीट असली, की तिच्यातनं बाकीचे सूर पण निघतात आणि त्यातला गंधार वेगळा ऐकू येतो, कुणी न वाजवता. मी डोळे मिटून बसले, एक मिनिट काय नाही, दोन मिनिटं काय नाही, मला वाटायला लागलं आपल्याला कानच नाहीत, आणि मग कुठंतरी वरच्या बाजूला, पातळ, भोपळ्यातनं नाही तर छताकडनं आल्यासारखा, तो होता. एकदा सापडल्यावर मग जाईना. मी ओरडलेच. चहावाला म्हणाला, मला तर पहिल्यापास्नं येतंय ऐकू.

साडेचारला मुलगा ओरडला, टॉस झाला, साउथ आफ्रिका बॉलिंग घेणार. चाचांनी तंबोरा गवसणीत घातला, "झालं, ने." रिक्षात आडवा बसेना, भोपळा माझ्या मांडीवर आणि दांडीचं टोक बाहेर, मिरज ते सांगली असं. पहिली ओव्हर हुकलीच. पण स्मृती-शेफालीची १०४ ची ओपनिंग बघितली, स्मृती ४५ वर गेली तेव्हा घरात दोन मिनिटं कुणी बोललं नाही, शेफालीनं ८७ मारले, २९८ झाले. दीप्तीनं ५८ आणि वर पाच विकेटी, आफ्रिका २४६ ला आऊट, रात्री बाराच्या सुमाराला सांगलीत दुसरी दिवाळी. आज्जीनं मॅच बघितली नाही. आत तंबोरा घेऊन बसलेली. मी विकेटीला ओरडले की आतनं आवाज, "अगं हळू, सूर हलतोय माझा." त्यांच्या कॅप्टन वोल्व्हार्टचा तो कॅच अमनज्योतच्या हातात नाचला तेव्हा तर आज्जीनं दार लावून घेतलं.

आता बाकीचं पटापट. पॉलिश मला आवडलं नाही, भेगेच्या जागी रंग गडद झालाय, उजेडात धरलं की पट्टा दिसतो. सांगितलं तर म्हणाले वर्षभरात एक होईल, बघू. बिल मागू नका, वहीचं पान मिळतं. क्यूआर कोड आहे पण तो मुलाच्या फोनचा, मुलगा बाहेर गेला की पैसे पोचले का नाही ते तो येईपर्यंत कळत नाही, रोख घेऊन जा. गल्लीत गाडी नेऊ नका, वळवता येत नाही. दाखवायला गेलात तर चहा मिळतो, दोन वेळा मिळतो, नको म्हणायचं नाही.

काहीजण विचारतील फोनवर तंबोऱ्याची फुकट ॲप्स आहेत मग हा खटाटोप कशाला. बरोबर आहे. नवीन शिकणाऱ्यानं ॲपच वापरावं, सूर उतरत नाही, पावसाळ्यात रुसत नाही, खिशात मावतं. मी पण महिनाभर तेच वापरलं, ब्लूटूथ स्पीकरला जोडून. पण त्यात मला गंधार काय शोधून सापडला नाही, माझ्या स्पीकरचा दोष असेल कदाचित. घरात जुना तंबोरा पडून असेल तर मात्र तो नीट करून घ्याच, आणि त्यात जास्त पावसाळे घालवू नका. घोडीचे चर बघितल्याशिवाय कुणी भाव सांगत असेल तर तिथं टाकू नका, हा माझा फुकटचा सल्ला.

माझं नवीन गाणी शोधायचं येड कमी झालेलं नाही, उलट आता रात्री एक वाजतो. फक्त वीस सेकंदांची दोन मिनिटं झालीत, कारण कुठलंही गाणं लावलं की खाली काय धरून ठेवलंय ते आधी ऐकायची सवय लागलीय, कव्वालीत पण आणि मेटलमध्ये पण. अंबाबाईच्या नवरात्रातला मिरजेचा संगीत महोत्सव आजपर्यंत एकदाही बघितला नव्हता, दहा किलोमीटरवर राहून, लाज वाटली. येत्या नवरात्रात आज्जीला घेऊन जाणार आहे, खुर्चीची सोय आधी बघून.

पाच पैकी साडेचार. अर्धा दिवाळीच्या तारखेचा कापला.

हां, एक राहिलं. जवारी बसायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा एकदा परत दाखवायला आण, पैसे नाहीत, असं चाचांनी सांगितलेलं. परवा फोन केला, चक्क उचलला. म्हणलं, चाचा कधी येऊ? म्हणाले, "टाइमटेबल बघून सांग. मॅच असंल आणि पाऊस असंल, असा दिवस काढ."