नेरूळमधील फुटबॉल प्रशिक्षण वर्ग: निवड कडक, शिकवणी बेताची

नेरूळमधील एका फुटबॉल प्रशिक्षण वर्गात माझ्या मुलाने सहा महिने काढले, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. मैदान नीटनेटके आहे आणि वेळ पाळली जाते. अडचण आहे ती निवड चाचणीवरील अतिरेकी भिस्तीची: आधीच तयार असलेले खेळाडू इतर वर्गांतून ओढून आणायचे, त्यांच्या जोरावर चषक जिंकायचे आणि बाकीच्या मुलांना राखीव बाकावर बसवून ठेवायचे, असा येथील शिरस्ता दिसतो.

याबाबत विचारले असता प्रशिक्षकांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा दाखला दिला. (तो खेळ निराळा, चेंडूही लांबोळका, पण असो.) दाखला अगदीच चुकीचा नाही. तेथे शालेय खेळाडूंना गुणवत्तेनुसार पाचपर्यंत तारे, म्हणजे तारांकने, दिली जातात, आणि चार-पाच तारांकित खेळाडूंची वर्षानुवर्षे भरती करणाऱ्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाने २०२१ व २०२२ या सलग हंगामांत विजेतेपद पटकावले. दुसऱ्या अंतिम सामन्यात तर टीसीयूचा (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) ६५-७ असा धुव्वा उडवला. मात्र तुलनेने साध्या भरतीवर टीसीयू अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होतेच, आणि २०२२ च्या भरतीत अव्वल ठरलेल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला त्याच हंगामात १२ पैकी अवघे ५ सामने जिंकता आले. शिवाय वयाची तेरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलांना असे मोजून बाजूला सारणे मला पटत नाही.

मुलगा आधीच तरबेज असेल, तर येथे त्याला भरपूर सामने मिळतील. नवशिक्यांच्या पालकांनी मात्र सुरुवातीला एकाच महिन्याचे शुल्क भरावे. आम्ही सहामाही भरून बसलो.