ब्रेकला हवा द्यायची कशी: होज की डिफ्लेक्टर?

रेसिंग ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला ब्रेकचं पेडल लांब जायला लागलं, म्हणजे जास्त खोल दाबावं लागलं, की बहुतेक जण मोठ्या कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) भाव काढतात. मीही काढले होते. पण माझ्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या ब्रेकमध्ये ताकदीची कमतरता नव्हतीच, अडचण उष्णतेची होती. आधी पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं. मग प्रश्न उरला हवेचा: बंपरमधून ब्रेकच्या डिस्कपर्यंत होज, म्हणजे हवेची नळी न्यायची, की कंट्रोल आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यावर) हवा वळवणारा डिफ्लेक्टर बसवायचा? दोन्ही वापरून पाहिलेत, म्हणून सांगतो.

उष्णता किती, याचा एक साधा हिशेब सांगतो. पंधराशे किलोची गाडी ताशी 180 वरून 80 वर आणली की दीड मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्यात साडेचार लिटर पाणी नळातून काढून उकळीला आणता येईल. हे सगळं काही सेकंदांत होतं, त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो, आणि एका लॅपमध्ये असं जोरात ब्रेक मारणं तीन-चारदा तरी होतं. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफ होते आणि पेडल लांब जातं. डॉट 4 या दर्जाचं ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मात्र हीच किमान मर्यादा 155 आहे. पावसाळा काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जात असाल, तर होज आणि डिफ्लेक्टर दोन्ही विसरा, आधी ऑइल बदला.

आता होज. आतून पोकळ असलेली डिस्क स्वतःच पंख्याचं काम करते, मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. म्हणजे हवा पोचायला हवी ती डिस्कच्या मध्याशी. होज नेमकं तेच करतो. फॉग लॅम्पच्या जागी तोंड, तिथून तीन इंची सिलिकॉनचा होज, आणि डस्ट शील्डच्या (डिस्कमागच्या पत्र्याच्या) जागी बसवलेल्या प्लेटमधून हवा थेट हबपाशी, म्हणजे चाकाच्या मध्याशी. (नुसतं डिस्कच्या आतल्या तोंडावर हवा सोडणारी प्लेट घेऊ नका. एक बाजू गार, दुसरी तापलेली राहते आणि डिस्क वाकते.) फरक मोठा पडतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर पंधरा मिनिटांचं सेशन संपवून मी पिटमध्ये आलो, तेव्हा पेडल पहिल्या लॅपइतकंच टणक होतं. पॅड जळल्याचा वासही नव्हता. निव्वळ थंड ठेवण्याच्या बाबतीत होजला तोड नाही, हे मला प्रामाणिकपणे मान्य आहे.

पण तीच गाडी मी पुण्याहून चालवत नेतो, चालवत परत आणतो, आणि सोमवारी तीच घेऊन ऑफिसला जातो. आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. रॅम्प उतरलं की लगेच डावीकडे, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्याशिवाय खांब चुकत नाही. होज बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिथे डाव्या चाकातून खर्र असा आवाज आला. जिपटायने होज आत ओढला, तर तो उजव्या वळणाला घासायला लागला. मग लांबी कमी केली, तर सस्पेन्शन खाली गेलं की ताणला जाऊ लागला. चाक वळतं, वरखाली होतं, आणि त्याच्यामागे मूठभरच जागा असते. त्या जागेत तीन इंची नळी सगळ्या कोनांत मोकळी राहावी, यासाठी मी चार रविवार घालवले.

दोन महिन्यांनी चाक काढून पाहिलं. होजवर तळहाताएवढा भाग आधी गुळगुळीत झालेला, मग कापड उघडं पडलेलं, आणि त्यातून आतल्या स्प्रिंगच्या तारेचं टोक बाहेर आलेलं. टोक टायरच्या आतल्या भिंतीपासून दोन बोटांवर होतं, आणि शेजारूनच एबीएस सेन्सरची वायर जात होती. एक्सप्रेसवेवर ती तार टायरला लागली असती तर, हा विचार मनातून जाईना. त्याच दिवशी दोन्ही होज काढले.

डिफ्लेक्टर म्हणजे कंट्रोल आर्मला अडकवलेलं प्लास्टिकचं पातं. गाडीखालून वाहणारी हवा ते हबकडे वळवतं, बस्स. पोर्शेच्या जीटी3वर ते कंपनीकडूनच येतं, आणि साधी 911 किंवा केमन ट्रॅकवर नेणारे बरेच जण तेच आणून लावतात. ते आर्मबरोबर वरखाली होतं, पण चाकाबरोबर वळत नाही, त्यामुळे नीट बसवलं तर घासत नाही. फॉग लॅम्पही जागेवर राहतात, आणि पावसाळ्यात ताम्हिणीतून येणाऱ्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

त्याच ट्रॅकवर डिफ्लेक्टर लावून पाचव्या लॅपला पेडल किंचित लांब वाटलं. एक लॅप सावकाश घेतली, पुन्हा ठीक. होजपेक्षा कमीच, पण काहीच नसताना तिसऱ्या लॅपला अंग काढावं लागायचं, त्या मानाने पुष्कळ. ते खाली लोंबतं, त्यामुळे उंच स्पीडब्रेकरवर एकदा उजवीकडची क्लिप तुटली. नवी बसवायला दहा मिनिटं लागली.

घाट उतरताना मात्र यातल्या कशाचाही भरवसा धरू नका. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी 160 ला मिळतो त्याचा सोळावा हिस्सा 40 ला मिळतो. तिथे खालचा गिअरच लागतो.

तुमची गाडी ट्रेलरवरून ट्रॅकला जात असेल, किंवा नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटसारख्या एक किलोमीटरच्या सरळ पट्ट्यानंतर रोज ब्रेक मारायचे असतील, तर होजच घ्या, आणि दर सेशननंतर चाकामागे हात घालून तो चाचपा. गाडी एकच असेल तर मी तरी डिफ्लेक्टरच सुचवेन. बसवल्यावर गाडी जमिनीवर ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, आणि कुणाला तरी वाकून बघायला सांगा.