‘क्लेप इकॉनॉमिक्स, पास गॅरंटी’ : ३४९ डॉलरच्या पॅकेजमध्ये काय निघालं

क्लेप म्हणजे विषय वर्गात न करता परीक्षा देऊन अमेरिकी कॉलेजचं क्रेडिट (पदवीसाठी जमवायचे गुणांक) मिळवण्याची सोय. अर्थशास्त्रात तिचे दोन विषय: मायक्रो (सूक्ष्म) आणि मॅक्रो (समग्र). न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाने मुलासाठी या दोन्हींच्या तयारीचं पॅकेज घेतलं. जाहिरात व्हॉट्सअॅपवर आलेली: ‘क्लेप मायक्रो आणि मॅक्रो, ६ क्रेडिट, पास गॅरंटी, नाहीतर पैसे परत.’ ३४९ डॉलर, तेही फक्त झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवून. हाती पडलं ते असं: एक पीडीएफ, एक परीक्षा व्हाउचर आणि परतफेडीच्या अटींचं एक पान. गोम तिन्हींत होती.

आधी व्हाउचर, कारण त्यातली लबाडी सगळ्यात सोपी. क्लेप परीक्षा कॉलेज बोर्ड ही अमेरिकी संस्था घेते आणि एका विषयाची फी शंभर डॉलरच्या आतबाहेर असते. पण मॉडर्न स्टेट्स या ना-नफा संस्थेच्या साइटवर त्या विषयाचा मोफत कोर्स आणि सराव प्रश्न पूर्ण केले की परीक्षेचं व्हाउचर फुकट मिळतं. विक्रेत्याने मुलाच्या नावाने, पण स्वतःचा ईमेल देऊन तिथे खातं उघडलं, कोर्स भराभर क्लिक करून संपवला आणि आलेलं व्हाउचर ‘पॅकेजमध्ये समाविष्ट’ म्हणून पुढे सरकवलं. फुकटची वस्तू विकली हे एक. शिवाय तो कोर्स मुलाने करायचा होता, तो राहिलाच.

आता पीडीएफ. ‘मागच्या वर्षीचे खरे प्रश्न’ असं मुखपृष्ठावर छापलं होतं. तेवढ्यावरच थांबायला हवं. क्लेपच्या प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर जाहीर होत नाहीत. ‘खरे प्रश्न’ देणारा एक तर खोटं बोलतोय किंवा चोरीचा माल विकतोय, आणि चोरीचा माल वापरल्याचं उघड झालं तर गुण रद्द होतात ते विद्यार्थ्याचे. इथे माल चोरीचाही नव्हता, नुसता भिकार होता. मायक्रोच्या परीक्षेत वस्तूंच्या बाजारपेठेवर ५५ ते ७० टक्के भर असतो, त्यातही कंपन्यांचं वर्तन आणि बाजाररचना हा भाग २५ ते ३५ टक्के. पीडीएफमध्ये अर्ध्याहून जास्त पानं टंचाई, संधी-खर्च वगैरे मूलभूत संकल्पनांच्या व्याख्यांवर. त्यांचा वाटा परीक्षेत जेमतेम ८ ते १४ टक्के.

उत्तरसूची तर घातकच. एक प्रश्न असा: मक्तेदार ४ नग १० डॉलरला विकतो, ५ विकायचे तर सगळ्यांची किंमत ९ करावी लागते. पाचव्या नगाचा सीमान्त महसूल (तो एक नग जास्त विकल्याने एकूण महसुलात पडणारी भर) किती? पीडीएफ म्हणतं ९. एकूण महसूल ४० वरून ४५ होतो, म्हणजे उत्तर ५. पाचवा नग बनवायला ६ डॉलर लागत असतील तर मक्तेदार चारवर थांबेल. पीडीएफच्या हिशोबाने मात्र तो पाचवा बनवेल. इथे चूक पक्की बसली की मक्तेदारीवरचे पुढचे बहुतेक प्रश्न हातचे जातात.

दुसरा: कंपनीवर ठोक रकमेचा कर (उत्पादन कितीही असो, तेवढाच) लावला तर अल्पकाळात उत्पादनाचं काय होईल? सूचीत ‘घटेल’. ठोक कराने स्थिर खर्च वाढतो, सीमान्त खर्च (आणखी एक नग बनवण्याचा खर्च) तसाच राहतो. उत्पादन हलत नाही, फक्त नफा कमी होतो.

मॅक्रोमध्ये सीमान्त उपभोग प्रवृत्ती (वाढीव उत्पन्नातला खर्च होणारा वाटा) ०.८ धरून १०० डॉलरच्या करकपातीने उत्पन्न जास्तीत जास्त ५०० ने वाढतं असं लिहिलं होतं. ५०० हे सरकारने तेच १०० स्वतः खर्च केले तर येणारं उत्तर. करकपातीत पहिल्याच फेरीला २० डॉलर बचतीत जातात, म्हणून उरलेल्या ८० ची पाचपट, ४००. कुठलंही सशुल्क साहित्य घेण्याआधी नमुना पानं मागा आणि हे तीन प्रश्न त्यात लावून बघा. नमुना द्यायला कां-कूं केलं तर विषय तिथेच संपला.

‘येत नसेल तर सोडून द्या, निगेटिव्ह मार्किंग आहे’ असाही सल्ला होता. साफ खोटं. ९० मिनिटं, सुमारे ८० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

खरी कारागिरी अटींच्या पानावर होती. परतफेड हवी तर ‘६० दिवसांत दोनदा नापास झाल्याचा पुरावा’ द्यायचा. क्लेपचा तोच विषय पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं! म्हणजे अट पूर्ण होणंच शक्य नाही. मुलाला मायक्रोत ४४ गुण पडले. मोजपट्टी २० ते ८० ची आणि क्रेडिटसाठी सर्वसाधारण शिफारस ५० ची. पैसे गेले ते गेलेच.

‘६ क्रेडिट’ हे वचन विक्रेत्याच्या हातातलं नसतंच. क्रेडिट कॉलेज देतं. कुठे ५० पुरतात, कुठे जास्त लागतात, कुठे बिझनेसच्या मुलांना अर्थशास्त्र वर्गातच करावं लागतं. एपी मायक्रोचं (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय करून दिलेल्या परीक्षेचं) क्रेडिट आधीच मिळालं असेल तर क्लेपचं त्याच विषयाचं दुसऱ्यांदा मिळत नाही. कॉलेजच्या रजिस्ट्रारला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘हो चालेल’ नंतर कुणालाच आठवत नाही.

भारतातून जाणाऱ्या मुलांना ‘पुण्यात घरबसल्या क्लेप’ विकणारेही आहेत. घरून देण्याची सोय अमेरिकेत असणाऱ्यांसाठी आहे. आणि परीक्षेच्या वेळी तुमच्या लॅपटॉपचा ताबा मागणारा, किंवा कॉलेज बोर्डचा पासवर्ड आणि पासपोर्टची प्रत मागणारा, त्याच्याशी बोलणं लगेच बंद.

तयारीला लागतं काय? ओपनस्टॅक्सचं अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक मोफत, खान अकॅडमी मोफत, कॉलेज बोर्डची अधिकृत मार्गदर्शिका थोडक्या डॉलरांत.

पैसे गेलेच असतील तर: झेल म्हणजे रोखीसारखं, स्वतः पाठवलेले पैसे सहसा परत येत नाहीत, तरी बँकेला त्याच दिवशी कळवा. क्रेडिट कार्ड असेल तर स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत नोंदवा. तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे करा. भारतातून यूपीआयने दिले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करा. जाहिरात, चॅट आणि अटींच्या पानाचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण तक्रारीचा वास लागताच विक्रेता मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करतो.