अडीच वर्षं वापरलेलं फ्रंट लोड आणि आमच्या घरची अर्थिंग

सात किलोचं वॉशिंग मशीन आहे, गाव जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ, पाणी बोअरचं आणि कपडे केळीच्या बागेतले. केळीचा चीक ज्याला माहीत नाही त्याला सांगतो, एकदा डाग पडला की ६० डिग्रीवर धुवा नाहीतर उकळत्या पाण्यात घाला, तो काही जात नाही. पण मायला पटत नाही, तिचा दिवसाआड गरम पाण्याचाच प्रोग्राम. बाकी धुणं चांगलं, आवाज कमी, त्याबद्दल काही बोलत नाही.

मे महिन्यात माय म्हणे, "मशीन चावते रे." धुणं चालू असताना ओला हात मागच्या पत्र्याला लागला की झिणझिण्या. मी आधी हसण्यावारी नेलं, मग स्वतः हात लावून पाहिला आणि गप बसलो (तुम्ही नका लावू, टेस्टर लावा). वायरमन आला, सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायर (गळालेला करंट जमिनीत नेणारी) आत गुंडाळून ठेवलेली, जोडलेलीच नाही! घर बांधल्यापासून तशीच असणार.

त्याने ती जोडली आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. आता मशीन लावलं की दहा मिनिटांत आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पडायचा आणि अख्ख्या घराची लाईट जायची, ४४-४५ च्या उन्हात पंखे बंद. सगळे म्हणे वायरमननेच बिघडवलं, एका पाहुण्याने तर आरसीसीबी बायपास करून डायरेक्ट कर असा सल्ला दिला. अरे भाऊ, आधी करंट गळत होता पण जायला वाट नव्हती म्हणून मायच्या हातातून जायचा, आता वाट मिळाली म्हणून ३० मिलीअँपियरवाला आरसीसीबी पडतोय, तो त्याचं कामच करतोय ना.

सर्व्हिसवाला आला, झाकण न उघडताच पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलं म्हणाला, साडेआठ हजार. वॉरंटी दोन वर्षांची, ती संपलेली, मोटरची दहा वर्षं आहे पण मोटर तर ठणठणीत. मला ते पटेना, कारण थंड पाण्यावर लावलं की मशीन शेवटपर्यंत चालायचं, पडायचं ते फक्त गरमवर. म्हणजे हीटर. प्लग काढला, मागचा पत्रा खोलला, हीटरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला. दोन टोकांत २७ ओहम, म्हणजे कॉईल शाबूत. पण एक टोक आणि बॉडी, यात काहीच दाखवायला नको तिथे चार-पाच किलोओम! बाहेर काढला तर त्याच्यावर क्षाराचा थर असा, जसा भिंतीला चुना फासलाय, आणि एके ठिकाणी नळी फुगून चिरलेली.

नवीन हीटर अकराशेला, बसवला मीच. नंतर आरसीसीबी एकदाही पडला नाही. महिन्यातून एकदा रिकामं मशीन डिस्केलिंग (क्षार काढायची) पावडर टाकून चालवतो. बागेचे कपडे मायने आता बाहेर हौदावर ठेवलेत, डाग अजून आहेतच.