बॅशची बॅशआरसी झेडशमध्ये नेताना

बॅश आणि झेडश हे दोन शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारे प्रोग्राम. बॅशआरसी ही बॅशची सेटिंग्जची फाइल, झेडशआरसी ही झेडशची. फाइलचं नाव बदललं की काम झालं, असं वाटतं. एलियस (कमांडला दिलेलं छोटं नाव) आणि एक्स्पोर्ट (व्हेरिएबल इतर प्रोग्रामना पुरवणं) यांच्या ओळी खरंच जशाच्या तशा चालतात. अडतं ते बाकीच्या ठिकाणी.

लॉगिन शेल (लॉगिन करताना सुरू होणारा) असेल तर बॅश आधी बॅश-प्रोफाइल शोधतो आणि बॅशआरसीकडे आपणहून बघतही नाही, म्हणून ती बॅश-प्रोफाइलच्या आत सोर्स करावी, म्हणजे तिथून वाचून चालवावी लागते. झेडश इंटरॅक्टिव्ह असला, म्हणजे तुम्ही त्यात कमांड टाइप करत असलात, की लॉगिन असो वा नसो, झेडशआरसी वाचतोच. त्याआधी झेडशएन्व्ह वाचली जाते, तीही प्रत्येक स्क्रिप्टसाठी. त्यामुळे तिथे एको (मजकूर छापणारी कमांड) टाकू नका. मॅकवर पाथही (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) तिथे नको: नंतर चालणारी सिस्टिमची झेडप्रोफाइल त्याचा क्रम बदलते आणि तुमची डिरेक्टरी मागे जाते. पाथ स्वतःच्या झेडप्रोफाइलमध्ये बरा.

प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायच्या आधी दिसणारा मजकूर) नव्यानेच लिहा. बॅशमधल्या बॅकस्लॅश-यू, एच, डब्ल्यूच्या जागी झेडशमध्ये टक्का-एन, टक्का-एम, टक्का-टिल्ड येतात (युजरचं नाव, मशीनचं नाव, चालू डिरेक्टरी). शॉप्टच्या (बॅशच्या सुविधा चालू-बंद करणाऱ्या) ओळी काढून झेडशच्या सेटॉप्टमध्ये पर्याय शोधा.

खरा त्रास मात्र फंक्शनमध्ये. व्हेरिएबलमध्ये 'वजा-एल वजा-ए' ठेवून ते अवतरणाशिवाय एलएसला (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) दिलं, तर बॅश दोन पर्याय करतो. झेडश सगळं एकच शब्द म्हणून देतो आणि एलएस तक्रार करतं. अशा वेळी ॲरे (मूल्यांची क्रमवार यादी) वापरा. पण बॅशच्या ॲरेची मोजणी 0 पासून, झेडशच्या 1 पासून! कोणत्याही फाइलशी न जुळणारा ग्लॉब (* वगैरे असलेला नमुना) बॅश तसाच पुढे ढकलतो, झेडश कमांडच थांबवतो.

दोन्ही शेल वापरायचे असतील तर एलियस-एक्स्पोर्ट तिसऱ्या फाइलमध्ये ठेवून दोन्हीकडून सोर्स करा.